मी शांतपणे स्कॉच शिकतो

५ ऑक्टोबर १९८६, रविवार

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, म्हणून सगळं खरं लिहायचं.

ओपल बहिणीकडे राहायला गेली त्याला महिना होत आला. कारण किरकोळ. रेडिओवर मॅच लागली होती, आम्ही हरत होतो, मी स्वयंपाकघरातली खुर्ची खिडकीबाहेर टाकली. खुर्ची माझी, खिडकीही माझी. ती बंद होती हे लक्षात आलं नाही. एक काच उडून ओपलच्या भुवईला लागली, टाके पडले. टाके घालून होताच ती तडक गाडीत जाऊन बसली. घरी येऊन बॅग भरली आणि दारात उभी राहून म्हणाली, "ऑर्विल स्टॅम्पर, आयुष्यात तू एक नवीन गोष्ट शिकला नाहीस. एक!"

महिनाभर या वाक्याचा विचार करतोय. आज चर्चबाहेर उलगडा झाला. ओपल एका परक्या माणसाशी बोलत उभी होती आणि हसत होती. उंच, हाडकुळा, चष्मेवाला. चौकशी केली. नाव मर्डो मॅकॅस्किल, स्कॉटलंडहून आलाय, आमच्या डिस्टिलरीची जुनी पिंपं विकत घ्यायला. आम्ही पिंपातून बर्बन, म्हणजे आमची मक्याची व्हिस्की, काढलं की हे लोक ती रिकामी पिंपं बोटीनं तिकडे नेतात आणि त्यांत स्कॉच भरतात. राहतो कुठे, तर ओपलच्या बहिणीकडे. आयव्हीकडे दोन खोल्या भाड्यानं असतात.

म्हणजे आधी आमची उष्टी पिंपं, आता बायको.

डोक्यात एकदम उजेड पडला. ओपलला वाटतं मला बर्बनपलीकडे काही कळत नाही. तसं बरोबर आहे. आजा बर्बन प्यायला, बाप बर्बन पिऊनच गेला, मी जवानीपासून गोदामात बर्बनची पिंपं लोटतोय. केंटकीत जन्मलेल्या माणसाला दुसरं काय कळणार?

निश्चय पहिला: नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणापर्यंत स्कॉच आवडायला लागली पाहिजे. नुसती घशाखाली ढकलायची नाही, आवडली पाहिजे. त्या दिवशी आयव्हीच्या टेबलावर सगळ्यांदेखत स्कॉच घेणार आणि तिच्याबद्दल दोन जाणकार वाक्यं बोलणार. मॅकॅस्किल बघत राहील.

निश्चय दुसरा: कुणावर हात टाकायचा नाही. हा सोपा आहे. मी मुळात शांत माणूस.

६ ऑक्टोबर, सोमवार, संध्याकाळ

गावातल्या दुकानात स्कॉचची एकच बाटली होती, मागच्या फळीवर, धुळीनं माखलेली. दुकानदारानं ती फडक्यानं पुसली आणि विचारलं, "कोणाला जखमबिखम झालीय का?" मी हसलो नाही. मारलंही नाही. नोंद घ्यावी.

घरी येऊन एक घोट घेतला.

बर्बन कसं, तोंडात काकवी आल्यासारखी वाटते, मागून भाजलेला मका, मग छातीत ऊब. सगळं ओळखीचं, माणसाला माणूस भेटल्यासारखं. आणि हे? कुणीतरी इस्पितळाला आग लावली आणि समुद्राच्या पाण्यानं विझवली, त्या राखेचं पाणी.

ग्लास हातातून निसटला. निसटून समोरच्या भिंतीवर फुटला. भिंत बरीच लांब आहे. आमचं कुत्रं, कर्नल, ओट्याखाली जाऊन बसलंय आणि हाका मारल्या तरी बाहेर येत नाही. भित्रं आहे. ओपलनं लाडावून ठेवलंय.

९ ऑक्टोबर, गुरुवार

चारचौघांत प्यायला हवी, म्हणजे सवय होते. म्हणून विल्माच्या बारमध्ये गेलो आणि मोठ्यानं स्कॉच मागितली. विल्मानं दोनदा विचारलं. शेजारी लॉनी प्रुइट होता. लॉनी आणि मी एकाच दिवशी गोदामात कामाला लागलो. माझ्या लग्नात तोच माझ्या बाजूला उभा होता. सांगायचा मुद्दा, परका नाही.

लॉनी म्हणाला, "अरे, रॉकेल प्यायला लागलास? तरीच ओपल पळाली. रात्री शेजारी काडी पेटवायची चोरी!"

सगळा बार हसला. मी लॉनीला शांतपणे सांगितलं, की स्कॉच हे फार जुन्या घराण्याचं पेय आहे आणि तुझ्यासारख्याला ते कळायचं नाही. गाढवाला गुळाची चव काय. तो म्हणाला, "मग पी ना गूळ! मघापासून भरलेला ग्लास घेऊन बसलायस."

 मी स्टूल उचललं.

लॉनीचं नाक फुटलं. मीही दोन खाल्ल्या, खालचा ओठ सुजलाय. विल्मा सोड्याची बाटली घेऊन मधे पडली आणि ओरडली, "अरे मेल्यांनो, ग्लासला कुणी तोंडसुद्धा लावलेलं नाही, भांडताय कशासाठी?" मी म्हटलं, तत्त्वासाठी.

याला हात टाकणं म्हणत नाहीत. हात स्टुलाला होते.

११ ऑक्टोबर, शनिवार

चूक सापडली. बाटली हलकी होती. लुइव्हिलला जाऊन चांगली घेऊन आलो. तिथला विक्रेता गळ्याला बो बांधलेला, पण बोलायला बरा. म्हणाला, आधी दोन थेंब पाणी घाला, मग पेल्यात नाक घाला, तोंड किंचित उघडं ठेवा, आणि सर, घाई करू नका. कुणी सर म्हटलं की मी कसा छान वागतो हे ओपलनं पाहायला हवं होतं.

परतताना सिग्नलला थांबून बाटलीचं बूच काढून नुसता वास घेत होतो, तोंड किंचित उघडं ठेवून. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. परत वाजवला. खाली उतरून त्याला समजावलं, की घाई करू नये. समजावताना त्याच्या गाडीचा आरसा माझ्या हातात आला. हल्लीच्या गाड्या कुचकामी.

घरी रीतसर पाणी घालून घेतली. आता इस्पितळाची राख पातळ लागली. प्रगती म्हणायला हरकत नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज गोदामात अपघात झाला.

तिसऱ्या मजल्यावर लॉनी आणि मी पिंपं लावत होतो. भरलेलं पिंप म्हणजे दोन-तीन माणसांचं वजन. मी वरून लोटत आणायचं, त्यानं रुळांवर खाली धरायचं. वर्षानुवर्षं असंच. लॉनीच्या नाकाला चिकटपट्ट्या होत्या आणि त्या नाकातून तो स्कॉटिश बॅगपाइपचा आवाज काढत होता. सकाळपासून. बाकीचे खिदळत होते. मी काही बोललो नाही, हे महत्त्वाचं. चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही.

पिंप सुटलं.

पिंपं सुटतात. या गोदामात आजवर किती सुटली असतील. लॉनीचा उजवा हात खाली सापडला. मुकादम म्हणतो, तुला धरता आलं असतं. मुकादम तिथं नव्हता.

लॉनी ओरडला नाही. हात तसाच पिंपाखाली, आणि तो मान वर करून माझ्याकडे बघत राहिला. बाकीच्यांनी पिंप हलवलं तोवर तो माझ्याकडेच बघत होता. त्याला चक्कर येत असणार.

मला घरी पाठवलं. पगार बंद, चौकशी होईपर्यंत. बरंच झालं, स्कॉचला वेळ मिळेल.

(आज घेतली नाही. बर्बन घेतलं. बरंच घेतलं.)

१९ ऑक्टोबर, रविवार

लॉनीची दोन बोटं काढावी लागली. त्याला भेटायला इस्पितळात गेलो. मोकळ्या हातानं कसं जायचं, म्हणून लुइव्हिलची बाटली नेली. माणसानं मन मोठं ठेवावं.

लॉनीनं बाटलीकडे पाहिलं.  मग हळू आवाजात म्हणाला, "ऑर्विल, एकदा खरं सांग. आपल्या दोघांतच राहील. तुला ही आवडते?"

मी म्हटलं, फार.

त्यानं डाव्या हातानं पलंगाखालचं भांडं काढलं आणि माझ्या कानशिलावर हाणलं. भांडं रिकामं नव्हतं. दुसरा फटका बसायच्या आत नर्स धावत आली. डाव्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. म्हणजे उजव्याचं एवढं काही बिघडलेलं नाही. मनावरचं ओझं उतरलं.

बाटली तिथंच राहिली. परत मागणं बरं दिसलं नसतं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

पेट्रोल भरत होतो तर लॉनीचे दोघे भाऊ आले. थोरला म्हणाला, "काय ऑर्विलशेठ, आज काय घेणार? स्कॉच की पेट्रोल?" धाकट्यानं मागून धरलं. मग बरंच काही झालं. पंपाची नळी पाठीवर बसली की फार लागतं, हे आज कळलं. दोन बरगड्या गेल्या. पुढचा एक दात पंपाजवळ कुठेतरी पडलाय. एकाचा कान माझ्या तोंडात आला होता, पण तो थोरल्याचा की धाकट्याचा हे नक्की सांगता येत नाही.

डेवी आला. डेवी म्हणजे ओपलचा भाऊ, शेरिफचा डेप्युटी. मला उचलून गाडीत घातलं आणि विचारलं, तक्रार नोंदवायचीय का? मी म्हटलं, नाही, मी शांत माणूस. डेवी स्टिअरिंगवर डोकं टेकवून जरा वेळ बसला.

मग म्हणाला, "वायरलेसवरून ठाण्याला सांगून ओपलला कळवलं. तिनं विचारलंय."

काय विचारलंय, असं मी घाईघाईनं म्हटलं. बरगड्यांत कळ आली.

"जिवंत आहे का, एवढंच."

म्हणजे काळजी आहे. आतून जीव तुटत असणार.

१ नोव्हेंबर, शनिवार

प्रुइट बंधूंशी सलोखा करायला त्यांच्या अंगणात गेलो. बंदूक बरोबर नेली, कारण दोघं आहेत आणि मी एकटा. बोलणी बरोबरीची व्हायला हवीत. दोघं घरात नव्हते. लॉनीची म्हातारी आई व्हरांड्यात शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, "ऑर्विल, लहानपणी तुला या हातानं बिस्किटं खाऊ घातली रे. आता गोळी घालायला आलास?" मी म्हटलं, नाही हो मावशी, नुसतं बोलायला. ती म्हणाली, "मग बोल ना. तिचं तोंड दुसरीकडे कर आणि बोल."

मी बंदुकीचं तोंड दुसरीकडे केलं. तिकडे त्यांचा ट्रक होता.

पहिली गोळी चुकून सुटली. बाकीच्यांचं सांगता येत नाही. इंजिनातून पाणी गळायला लागलं, काचा गेल्या, चारांपैकी तीन टायर बसले. म्हातारी सोललेल्या शेंगांचं भांडं पोटाशी धरून आत गेली आणि आतून कडी लावली. तिनं कडी आवाज करत लावायला नको होती. मी काय तिला काही करणार होतो?

डेवीनं बेड्या घातल्या. जरा सैल घाल म्हटलं तर त्यानं घट्ट केल्या.

३ नोव्हेंबर, सोमवार

कोठडीतून सुटलो. बंदूक जमा. जज्जनं विचारलं, एवढ्या सगळ्याच्या मुळाशी काय आहे? मी म्हटलं, स्कॉच. जज्जनं चष्मा काढला. "प्यायला होतास?" नाही म्हटलं, अजून आवडत नाही, पण थँक्सगिव्हिंगपर्यंत होईल. कोर्टात मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. वळून बघितलं नाही. बेड्या होत्या हे एक कारण, संयम हे दुसरं.

जज्जनं बजावलं, पुन्हा कुणावर हात उगारलास तर सरळ आत. ठीक आहे. माझा दुसरा निश्चय तोच होता. सरकारनं आता त्यावर शिक्का मारला एवढंच.

डिस्टिलरीनं कामावरून कायमचं काढलं. त्यांचं नुकसान.

९ नोव्हेंबर, रविवार, दुपार

विचारांती ठरवलं, की चोराची वाट चोराकडूनच शिकावी. स्कॉच खुद्द मॅकॅस्किलकडून शिकायची. शिकता शिकता त्याला टेबलाखाली लोळवायचा. मारामारीचा प्रश्नच नाही. बाटली आणि दोन ग्लास घेऊन आयव्हीकडे गेलो.

तो व्हरांड्यात बायबल वाचत होता. उठून उभा राहिला, टोपी काढली. मी ग्लास मांडले, ओतली, म्हटलं, घ्या, तुमच्याच मुलखातली आहे.

तो म्हणाला, "आभारी आहे, मिस्टर स्टॅम्पर. पण मी घेत नाही."

आज नाही का, मी विचारलं. रविवार म्हणून?

"कधीच नाही. थेंबसुद्धा नाही. आमच्या घरात सगळेच चर्चवाले. दारू चालत नाही."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. उजवा कान अजून गुणगुणतोय. मी म्हटलं, अहो, तुम्ही स्कॉचवाल्यांना पिंपं विकता!

"पिंपं विकतो. खाटकानं माळकरी असू नये असा कायदा आहे का?"

आत खिडकीत ओपल उभी होती. हातात कपबशी. तिच्या भुवईवरचा व्रण इतक्या लांबून दिसतो हे माहीत नव्हतं. ती बाहेर आली नाही. आयव्हीनं येऊन पडदा ओढला.

गेला महिनाभर मी ज्या घाणीचे घोट घेतले, ज्या घाणीसाठी दात गेला, नोकरी गेली, ती हा माणूस पीतसुद्धा नाही! चहा पितो. मी त्याच्या कोटाला हात घातला. त्यानं माझी बोटं एकेक करून सोडवली, न चिडता, कोटाची बटणं काढावीत तशी, आणि म्हणाला, "रविवारी मी मारामारी करत नाही, मिस्टर स्टॅम्पर. उद्या संध्याकाळी साडेपाचला मोकळा आहे. चालेल?"

पळपुटा. उद्याच्या उद्या त्याला खडे चारतो. हा हात टाकणं धरायचं नाही, कारण दोघांच्या संमतीनं आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. इस्पितळ.

जबडा दोन ठिकाणी मोडलाय. नाकाचा चुरा. वरचे खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकलेत, सहा आठवडे तोंड उघडायचं नाही. बोलता येत नाही, लिहिता येतं.

सोमवारचं खरं काय झालं ते इथं नोंदवतो, कारण गावात भलतंच पसरेल.

मी वेळेवर पोचलो. तो अंगणात उभा होता. आधी त्यानं चष्मा काढला. काचा रुमालानं पुसल्या. चष्मा डबीत ठेवला. डबी कुंपणाच्या खांबावर ठेवली. मग कोट काढला, घडी घातली. मी मधल्या वेळात दोन शिव्या दिल्या, त्यानं मान हलवून ऐकून घेतल्या. मग मी पुढे झालो आणि एक ठोसा लगावला, जो बसला. हे लिहून ठेवतो: बसला.

त्यानंतर माझा पाय घसरला. गवत ओलं होतं. दरवेळी उठलो की पुन्हा घसरत होता. हा माणूस तरुणपणी मासेमारीच्या बोटीवर होता, हे आधी सांगायला हवं होतं. तिसऱ्यांदा खाली गेलो तेव्हा तो वाकून म्हणाला, "आता झोपूनच राहा, मिस्टर स्टॅम्पर. कृपा करा." मी राहिलो नसतो, पण डोळ्यांत रक्त गेल्यामुळे वर कुठे आणि खाली कुठे हे कळेना. चुकून त्याच्या पायालाच मिठी मारली आणि चावायला बघितलं. त्यावर शेवटचा ठोसा आला.

डेवी फाटकाबाहेर गाडीत बसून होता. सबंध वेळ. उतरला नाही. नंतर म्हणाला, माझी ड्यूटी सहाला सुरू होते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ओपल आली!

एकटी. खुर्ची ओढून पलंगाजवळ बसली. मी वही पुढे केली, लिहिलं, "कशी आहेस." तिनं वही माझ्या हातातून काढून घेतली आणि पायथ्याशी ठेवली, मला पोचणार नाही अशी. म्हणाली, "आज तू ऐकणार. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तुझं तोंड बंद आहे."

तासभर बोलली. आठवतं तेवढं लिहितो.

म्हणाली, "मर्डो माझा कोणी नाही. तो आयव्हीच्या मागे आहे, येत्या वसंतात तिला घेऊन जाणार. आणि मी चर्चबाहेर का हसत होते सांगू? त्यानं काहीतरी फालतू विनोद केला, पिंपांवरून. मी हसले आणि मग माझ्या लक्षात आलं, की हसायच्या आधी मी कुणाच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. हसू की नको हे आधी तपासलं नाही. मग त्याचंच हसू आलं."

म्हणाली, "आणि दारात मी काय म्हणाले आणि तू काय ऐकलंस! तू काही शिकला नाहीस म्हटलं ते दारूबद्दल होतं का रे? कपाळातून रक्त गळत होतं माझ्या! स्कॉच? लॉनीची बोटं गेली, ऑर्विल. त्याची आई खोलीला कडी लावून झोपते. आणि कशासाठी, तर तुला एक घोट गिळता येईना!"

इथं ती रडेल असं वाटलं, पण नाही रडली. मला काहीतरी म्हणायचं होतं, घशातून नुसता आवाज आला. तिनं खुर्ची मागे सरकवली. मी तारांनी बांधलेला, सलाइन लावलेला, आणि ती खुर्ची मागे सरकवते.

म्हणाली, "मी लेक्सिंग्टनला चाललेय. शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालंय. कर्नलला घेऊन जाते." मग उभी राहिली, माझं पांघरूण नीट केलं, अगदी कडेकडेनं, आणि गेली.

दोनदा वाचून काढलं. निष्कर्ष: एक, मॅकॅस्किलचा अडथळा नव्हताच. दोन, माणूस तोडायचा असेल तर कोणी तासभर बोलत नाही. तीन, पांघरूण. एकूण भेट चांगली झाली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. थँक्सगिव्हिंग.

घरी. नळीनं सूप. डेवी टर्की शिजवलेलं पाणी डब्यातून घेऊन आला, दारातच दिलं. त्याच्या गाडीत मागच्या सीटवर गोड पाईचे डबे होते, कुठे जेवायला चालले असतील सगळे. विचारता आलं नाही.

ठरल्याप्रमाणे आज स्कॉच घ्यायचा दिवस. पण डॉक्टरांची सक्त मनाई. तारा बांधलेल्या असताना ओकारी झाली तर माणूस गुदमरून मरतो म्हणे. म्हणून त्यांनी गळ्यात दोरीनं एक पक्कड बांधून दिलीय, वेळ आली तर तारा कापायला. पक्कड वाटीत बुडते. सूप पिताना पाठीवर टाकावी लागते.

ग्लास भरून टेबलावर ठेवला. समोर दोन जाणकार वाक्यं मनातल्या मनात म्हटली. बरी जमली. खिडकीला मी मारलेला पुठ्ठा वाऱ्यानं फडफडत होता. चिडलो नाही. तोंड बंद असलं की चिडायला फार मेहनत पडते.

२० डिसेंबर, शनिवार

काल तारा काढल्या. तोंड दोन बोटं उघडतं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू उघडेल.

आज सबंध दिवस मोकळा. टेबल पुसलं. ग्लास धुतला. लुइव्हिलच्या विक्रेत्यानं सांगितलं तसं सगळं केलं: दोन थेंब पाणी, पेल्यात नाक, तोंड किंचित उघडं (आता तेवढंच उघडतं). एक घोट घेतला. तोंडात घोळवला. गिळला.

इस्पितळ नाही! आग नाही, राख नाही, खारट पाणी नाही. दुसरा घोट. काहीही वाईट नाही. वेडंवाकडं तोंड नाही, ग्लास हातातच. शिकलो! लोक म्हणत होते, नाही जमायचं. छप्पन्नाव्या वर्षी माणूस शिकतो, ठरवलं तर शिकतो. आख्खा ग्लास संपवला, दुधासारखा.

शाबासकी म्हणून स्वतःला बर्बन ओतलं. इतक्या दिवसांनी.

घोट घेतला. बाटलीवरचं लेबल बघितलं. बरोबर होतं. पुन्हा घेतला. घशात ऊब येते, पण येते ती नुसती ऊब. काकवी नाही. मका नाही. गरम पाणी.

बाटली खराब निघाली असेल म्हणून दुसरी फोडली. तीच गत.

कांदा कापून नाकाशी धरला. डोळ्यांत पाणी आलं, वास नाही. कॉफीचा डबा. काही नाही. शेडमध्ये जाऊन रॉकेलचा कॅन उघडला आणि त्यावर वाकून उभा राहिलो. काही नाही. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, नाकाच्या वरचं हाड आत गेलं होतं, तसं होतं कधी कधी, वाट बघा. किती दिवस, मी विचारलं. ते म्हणाले, काहींचं येतं परत.

हरकत नाही. स्कॉचचा प्रश्न तर सुटला. उलट याचा फायदाच.

ओपलला सांगावं म्हणून आयव्हीकडे फोन केला. आयव्ही म्हणाली, ती मंगळवारीच गेली. लेक्सिंग्टनचा नंबर मागितला. आयव्हीनं नाही म्हटलं नाही, फोन ठेवला.

स्वयंपाकघराच्या दारामागे ओपलचा एप्रन अजून आहे. ती न्यायची विसरली. त्याला पिठाचा, साबणाचा आणि तिच्या मानेचा असा एक वास असायचा. खुंटीवरून काढला, नाक खुपसून जोरात श्वास घेतला.

कापड.

उलटा करून पुन्हा घेतला. कापडच.